सहामाहीत आपटलेल्यांचं शिबिर

आमच्या बॅचचे चार जण कुठेही भेटले, अगदी कुणाच्या तेराव्याला भेटले, तरी पंगत उठायच्या आत शिबिराचा विषय निघतोच. निघाला की आवरत नाही. एक जण आरशाचं सांगायला लागतो, दुसरा त्याला मध्येच तोडून काढ्याचं सांगतो आणि तिसरा म्हणतो, "ते तसं नव्हतंच मुळी." शिबिर चार-पाच दिवसांचं, पण किस्से दरवर्षी वाढतायत. तेव्हा मी सांगतोय त्यातलं सगळंच शपथेवर घेऊ नका. शिबिर होतं मुलांचा विश्वास वाढवण्यासाठी. आमचा वाढला तो संशय!

* * *

सत्तरचं दशक. अकरावीची जुनी मॅट्रिक जाऊन दहावीची बोर्डाची परीक्षा आली, त्याला फार काळ झाला नव्हता. नवं गणित, नवं शास्त्र. आम्हाला ते येत नव्हतं हे उघडच होतं. मास्तरांना किती येतं याबद्दल आमच्या मनात शंका होती, पण ती विचारायची कुणाची हिंमत?

आमची शाळा चौक गावाच्या अलीकडे, हायवेला लागून. शाळेचा निकाल चांगला लागावा म्हणून हेडसरांची एक साधी युक्ती होती. सहामाहीत जो आपटला त्याचा बोर्डाचा फॉर्म पाठवायचाच नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "पुढच्या वर्षी बस, बाळ." नापास होणारे परीक्षेलाच बसले नाहीत, तर नापास होणार कोण?

त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर हेडसर वर्गात आले आणि काही नावं वाचून म्हणाले, या मुलांना आत्मविश्वास वाढवायच्या शिबिराला कर्जतला पाठवणार आहोत, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं. वाचलेली सगळी नावं सहामाहीत आपटलेल्यांची होती. त्यात मुलगी एकही नव्हती. मुली पास झाल्या होत्या.

आमच्यात गजाला जगाची माहिती जास्त. तो रसायनीच्या कॉलनीत राहायचा, वडील कारखान्यात सुपरवायझर, घरी रेडिओ आणि रोजचा पेपर. मधल्या सुट्टीत त्यानं आम्हाला नीट समजावलं. एवढ्या पोरांचे फॉर्म एकदम अडवले तर पालक शाळेवर येतील. म्हणून हेडसरांनी पुण्याचा एक माणूस गाठलाय. तो चार दिवस आपल्याला खायला घालणार, हसवणार, खेळवणार आणि जाताना हेडसरांच्या कानात सांगणार, की हा ठेवा आणि हा काढा.

"शिबिर-बिबिर काही नाही रे," गजा म्हणाला, "चाळण आहे ती."

हे ऐकून सगळ्यात जास्त हबकला तो दत्तू. माथेरानच्या पायथ्याचं त्याचं गाव. त्याचा काका वर माथेरानला हातरिक्षा ओढायचा आणि आता त्याला दम लागायला लागला होता. लोक माथेरानला हवा खायला जातात. दत्तूच्या काकाला त्या चढावर ती हवा पुरेना. दत्तूच्या बापानं घरात स्पष्ट सांगून टाकलं होतं, फॉर्म गेला तर परीक्षा दे, नाही गेला तर नाताळच्या सीझनला वर जाऊन काकाची रिक्षा धर. आणि दत्तूला जायचं होतं कारखान्यात. कारखान्याच्या गेटवर दहावी पास असल्याशिवाय नावसुद्धा विचारत नसत.

दत्तू एवढंच म्हणाला, "मंग चाळनीत वरच राह्याला पायजे."

* * *

शिबिराला न्यायला जीप येणार होती. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आणीबाणीच्या त्या सालात खेड्यात जीप यायची ती एकाच कामाला. पुरुषमाणसांना गोळा करून नसबंदीच्या ऑपरेशनच्या शिबिराला नेण्यासाठी. कोणाला सांगून नेलं, कोणाला न सांगता नेलं, अशा बातम्या रोज कानावर यायच्या. त्यामुळे जीपचा आवाज आला की लोक आधी पळत आणि मग चौकशी करत.

दत्तूच्या गावात सगळे पुरुष खळ्यावर भात झोडत होते. जीप थांबली. आतून स्वच्छ पांढऱ्या कपड्यातला माणूस उतरला आणि हसतमुखानं म्हणाला, "शिबिराला कोण कोण येतंय?"

बघता बघता खळं रिकामं झालं. तरणे गेले, म्हातारे गेले, सत्तरी उलटलेले दत्तूचे चुलत आजोबा वगैरे जे कोण होते तेही धोतर सावरत रानात गेले. ज्यांची लग्नं व्हायची होती तेही गेले. गावात उरल्या बायका, बैल आणि पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेला दत्तू.

त्या माणसानं एका म्हातारीला हात जोडून सांगितलं, आजी, घाबरू नका, आम्हाला मोठी माणसं नकोत, फक्त दहावीची मुलं पाहिजेत.

म्हातारीनं दत्तूला मागं ओढलं आणि म्हणाली, "आता पोरांना पन सोडत नाय का रं तुमी?"

* * *

शिबिर होतं कर्जतच्या पुढे, मुंबईच्या एका शेटच्या आंब्याच्या वाडीत. मोठा हॉल, झोपायला सतरंज्या, मागे नदी. शिबिर घेणारे मोहोळकर सर पुण्याचे. पांढरा झब्बा, पांढरा लेंगा, आणि चेहऱ्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत हसू. आमच्याकडे बघून कुठलाही मास्तर एवढा वेळ कधी हसला नव्हता, त्यामुळे पहिल्याच दिवशी आमचं मत वाईट झालं. शिवाय ते आम्हाला "मित्रांनो" म्हणायचे.

जेवण फुकट. नाष्ट्याला शिरा, तोही काजू घातलेला! आमच्याकडे काजू सत्यनारायणालाच दिसायचा. गजा ताट समोर घेऊन म्हणाला, बोकडाला पण आधी हिरवा पाला घालतात. त्याचं बोलून होईपर्यंत आमचा शिरा संपला होता, आणि त्याचाही.

खरी भानगड झाली ती काढ्यावरून. रोज सकाळी प्रत्येकाला पेलाभर हिरवा काढा मिळायचा. मोहोळकर सर म्हणाले, ब्राह्मी आहे, स्मरणशक्ती वाढते. गजानं वास घेतला आणि हळूच सांगितलं की पोलिसांकडे एक औषध असतं, ते पाजलं की माणूस खरं बोलायला लागतो. त्याचा रंग असाच असतो. झालं. एकेक जण चूळ भरायच्या निमित्तानं बाहेर गेला आणि काढा कर्दळीच्या बुडाशी ओतून आला.

दत्तू मात्र आपला पेला संपवून ओतायला निघालेल्यांचेही पीत होता. गजानं त्याला कोपऱ्यात घेऊन झापलं. अरे, खरं बोलायला लागशील!

"लागू दे ना," दत्तू म्हणाला. "मला गनित येत नाय, यापरीस खरा काय बोलनार? ते तर सगल्या शाळंला ठाव हाय."

* * *

दुसऱ्या दिवशी विश्वासाचा खेळ. एकानं उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि ताठ मागं पडायचं. मागे उभ्या असलेल्या मित्रांनी झेलायचं. मोहोळकर सर म्हणाले, जो मित्रांवर विश्वास ठेवतो तोच स्वतःवर ठेवू शकतो.

आमच्यातला एकही पडेना. प्रत्येक जण मागं वळून बघायचा, उभं राहायचा, परत वळून बघायचा. गजा तर उकिडवा बसला आणि मग मागं कलला. असं पडण्याला पडणं म्हणत नाहीत, टेकणं म्हणतात.

शेवटी सर म्हणाले, ठीक आहे, मी स्वतः करून दाखवतो. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, हात छातीवर घेतले, डोळे मिटले.

आता आमचा विचार ऐका. एवढा मोठा माणूस, पुण्याचा, पांढऱ्या झब्ब्यातला. हा काय खरोखर पडणार आहे? हा बघतोय की आपण फसून पुढं होतो का. आम्ही सगळे शहाण्यासारखे हाताची घडी घालून उभे राहिलो. सर मागं कलले, आणखी कलले, आणि आम्ही वाटच बघत राहिलो की हे आता कुठल्या क्षणी स्वतःला सावरतायत.

त्यांनी सावरलं नाही. फरशीवर असा आवाज आला की स्वयंपाकघरातून आचारी धावत आला.

सर बराच वेळ छताकडे बघत पडून होते. मला त्यांची खरंच दया आली. चेहऱ्यावर हसू तेवढं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो खेळ परत झाला, पण पेंढ्याच्या उडवीजवळ.

* * *

मग आरसा. एका खोलीत भिंतीला मोठा आरसा लावला होता. एकेकट्यानं आत जायचं, दार लावायचं, स्वतःच्या डोळ्यात बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "मी पास होणार. मी पास होणारच."

गजा आत गेला आणि त्यानं सगळ्यात आधी आरसा भिंतीपासून ओढून मागं बघितलं. मागं कोणी टिपणं घेत बसलाय का, हे त्याला बघायचं होतं. मागं पाल होती. ती त्याच्या शर्टात शिरली आणि बाहेर आम्हाला जे ओरडणं ऐकू आलं त्यावर मोहोळकर सर इतके खूश झाले की म्हणाले, "बघा, याला म्हणतात आतून आलेला आवाज!"

माझा नंबर आला तेव्हा मी आत जाऊन पुटपुटलो. मला लाज वाटली. घरी आरसा होता तो मिशा कोरायला वडील वापरायचे. त्यात बघून आपण पास होणार असं कोणी म्हणालं असतं, तर आईनं दृष्ट काढली असती.

दत्तू आत गेला तो येईचना. आवाजही नाही. आम्ही दाराला कान लावून बसलो. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा गजानं विचारलं, काय बोललास एवढा वेळ?

"बोललो नाय. इचारला, तू पास हुशील का रं."

"मग?"

"तो पन माज्याकडंच बघत राह्यला."

कोणी हसलं नाही. खरं म्हणजे हसण्यासारखं होतं. पण त्या दिवशी संध्याकाळी वाडीच्या मागून माथेरानचा डोंगर अगदी स्वच्छ दिसत होता आणि दत्तू पूर्ण वेळ त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

* * *

शिबिराचा मुख्य कार्यक्रम म्हणजे निखारे. मोहोळकर सर दोन दिवस त्याची हवा करत होते. मन मोठं की विस्तव मोठा? अंगणात लांब चर खणला, लाकडं जाळली, निखारे पसरले. दिवेलागणीला आम्हाला रांगेत उभं केलं. सरांचं भाषण झालं. जो यावरून चालेल त्याला आयुष्यात काहीही अशक्य नाही, बोर्डाची परीक्षा तर किस झाड की पत्ती!

गजा कानात म्हणाला, ही चाळणीची शेवटची जाळी. तो स्वतः म्हणाला की आईनं विस्तवाजवळ जाऊ नको म्हणून बजावलंय. सरांना कोणीतरी विचारलं, सर, तुम्ही आधी चालता का? सर म्हणाले, आज पायाला जरा जखम आहे. आम्ही पाय बघितला. पायात मोजा होता.

तेवढ्यात दत्तूनं चपला काढल्या. शेताच्या बांधावरून जावं तसा तो निखाऱ्यांवरून चालत पलीकडे गेला. पलीकडे उभं राहून त्यानं खाली बघितलं, आणि चपला अलीकडे राहिल्या म्हणून तसाच परत चालत आला!

मोहोळकर सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दत्तूला मिठी मारली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की या मुलाला आता जगात कोणी नापास करू शकत नाही.

दत्तू अवघडला. म्हणाला, "आमच्या गावच्या जत्रंला सगलेच चालतात, सर. आमची आत्या दर सालाला चालते."

सर म्हणाले, बघा, बघा, काय मनोबल आहे त्या माउलीचं!

"व्हय," दत्तू म्हणाला. "पन चौथीत नापास झाली ती झालीच."

सरांनी लगेच निखाऱ्यांवर पाणी मारायला सांगितलं आणि आम्हाला प्रार्थनेला बसवलं.

* * *

शेवटच्या दिवशी हेडसर आले. एसटीनं कर्जतला उतरून वाडीपर्यंत चालत आले असावेत, कारण टोपीखालून घाम येत होता आणि धोतराला धूळ लागली होती. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत बोर्डाचे कोरे फॉर्म. ते पिशवीतून बाहेर डोकावत होते, त्यामुळे कोरे आहेत हे लांबूनच दिसत होतं. आम्ही हेडसरांना नमस्कार केला, पण नजर पिशवीवरून हलेना. गजा म्हणाला, बघ, मी काय सांगत होतो.

हॉलमध्ये आम्ही रांगेनं बसलो. मी आणि दत्तू शेवटच्या रांगेत. आमच्या मागं, दाराजवळ, हेडसर स्टुलावर. मोहोळकर सर म्हणाले, मित्रांनो, आता शेवटचा प्रयोग. सगळ्यांनी डोळे मिटा. सर, तुम्हीसुद्धा मिटा. मी पण मिटतो.

मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "आता मी एक प्रश्न विचारतो. ज्याला बोर्डाच्या परीक्षेची भीती वाटते, त्यानं नुसता हात वर करायचा. इथे कोणी बघत नाही. खोटं बोलायचं असेल तर ते स्वतःशीच होईल."

एवढा उघड सापळा मी आयुष्यात बघितला नव्हता. हात वर केला की गेला फॉर्म! मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि कोण फसतोय हे बघायला एक डोळा उघडला. तर पुढचे सगळेच एक डोळा उघडून बसले होते. गजा तर दोन्ही उघडून चौफेर बघत होता. हात एकाचाही वर नव्हता. आत्मविश्वासानं हॉल नुसता भरून गेला होता.

आणि माझ्या शेजारी दत्तूचा हात वर गेला.

मी त्याला चिमटा काढला. त्यानं हात खाली घेतला नाही. मी त्याची बाही धरून ओढली, तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि मागं वळून दाराकडे बघितलं. मला वाटलं, हेडसरांनी पाहिलं की काय हे बघतोय. माझी काही मागं बघायची छाती झाली नाही. दत्तू पुन्हा समोर वळला, पण हात तसाच वर होता. डोंगर, चढ, रिक्षा, काका, सगळं एका हातावर आलं होतं आणि हा गाढव तो खाली घेत नव्हता.

"उघडा डोळे," मोहोळकर सर म्हणाले. तेव्हा कुठे दत्तूचा हात खाली आला. एकही हात वर नसलेला हॉल बघून सरांना फार आनंद झाला.

त्यानंतर हेडसर बाहेर आंब्याखाली खाट टाकून बसले आणि एकेकाला बोलावू लागले. पहिला गेला गजा. त्याच्या खांद्यावर हात पडलेला आम्ही लांबूनच बघितला. परत आला तेव्हा तोंड उतरलं होतं, पण आवाजात एक समाधान होतं. "पुढच्या वर्षी," तो म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?" मग आणखी एक जण गेला. तोही पुढच्या वर्षी.

मग दत्तू. त्याच्यानंतर माझा नंबर होता, म्हणून मी जवळच उभा होतो आणि मला सगळं ऐकू आलं. दत्तू हात मागं बांधून उभा राहिला. हेडसरांनी त्याचे सहामाहीचे मार्क आठवून सांगितले. गणिताचे सांगताना त्यांनाही कसंतरी झालं. मग बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"दत्तू," ते म्हणाले, "मघाशी सगळ्यांचे डोळे मिटले होते, तेव्हा तुझा हात वर होता."

"व्हय सर."

"एकट्याचाच."

दत्तूनं मान खाली घातली. मला वाटलं, आता खांद्यावर हात पडणार.

"तुमचा पन व्हता, सर," दत्तू म्हणाला.

हेडसरांनी एकदा हॉलच्या दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. मी झाडाकडे बघायला लागलो. मग त्यांनी पिशवीतून एक फॉर्म काढला, मांडीवर वही घेऊन त्यावर ठेवला आणि खिशातलं पेन उघडून झटकलं.

"आडनाव आधी सांग," ते म्हणाले. "आणि सावकाश सांग, शाईचं पेन आहे."